वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर?

"यार, एक साधी वेबसाइट काढायचीय. होस्टिंग कुठलं घेऊ?" ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कानावर पडतोच. कुणाला वीकेंड ट्रेकचा ग्रुप सुरू करायचाय, कुणाची आई दिवाळीचा फराळ करून देते, कुणाला आपले फोटो इन्स्टाग्रामच्या चौकटीबाहेर काढायचेत. आणि टेबलावर जो कोणी आयटीवाला असतो, तो चहाचा घोट घेत एकच सांगतो, "कुठलंही घे रे, सगळी सारखीच. स्वस्त बघ आणि घेऊन टाक."

सगळी सारखी नसतात, हे पहिल्या वर्षी कळत नाही. पहिलं वर्ष म्हणजे हनिमून! डिस्काउंट असतो, डोमेन फुकट मिळतं, साइट चकाचक दिसते. खरी ओळख होते ती नंतर. रिन्युअलचं बिल येतं, साइट करून देणारा मुलगा फोन उचलेनासा होतो, किंवा तुम्हालाच दुसरीकडे जायचं असतं. म्हणून माझा फंडा सरळ आहे. पैसे भरून होस्टिंग घेणार असाल तर आत शिरायचं दार किती सजवलंय ते बघू नका. बाहेर पडायचं दार कुठे आहे, ते आधी विचारा.

हा फंडा मला मिळाला श्रीगोंद्यात, मामाच्या ओट्यावर.

लिंबू डॉट कॉम

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघून दौंडकडे वळायचं, भीमेचा पूल ओलांडायचा, काष्टी मागे टाकली की श्रीगोंदा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसलेली माणसं अजून "नगर"च म्हणतात. इतिहासाची आवड असेल तर महादजी शिंद्यांचा वाडा आहे, संत शेख महंमद महाराजांचं स्थान आहे, भीमेकाठी पेडगावचा भुईकोट आहे. आणि खायची आवड असेल तर लिंबं! ऊस इथेही आहे, साखर कारखानेही आहेत, पण श्रीगोंद्याचं नाव बाजारात घेतलं की व्यापाऱ्याला आधी लिंबू आठवतं.

माझा मामेभाऊ याच लिंबांचं करतो. तीन एकर बाग. हस्त बहार धरायचा, म्हणजे पावसाळा संपता संपता फुलं आणि ऐन एप्रिल-मेमध्ये फळ. वर्षाचा खरा पैसा या दोन महिन्यांत. २०२२ च्या एप्रिलमध्ये किरकोळ बाजारात लिंबू किलोला दोनशे रुपयांच्या पुढे गेलं होतं, आठवतंय ना? तेव्हा तुम्ही-आम्ही सरबत बंद केलं आणि व्हॉट्सॲपवर लिंबाचे जोक फॉरवर्ड केले. माझ्या भावानं मात्र हिशेब केला की आपल्या हातात पडतो तो भाव आणि पुण्यातल्या भाजीवाल्याकडचा भाव यात केवढं अंतर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्यानं वेबसाइट काढली. औंध, कोथरूड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांना थेट पेटी. साइटवर आजचा भाव, ऑर्डरचा फॉर्म, बागेचे फोटो. आयडिया हिट झाली, राव. दोन हंगामांत चारशेच्या आसपास घरं बांधली गेली.

साइट करून दिली तालुक्यातल्याच एका मुलानं. सहा हजारांचं पॅकेज. डोमेन, होस्टिंग, डिझाइन सगळं त्यात. भावाला फक्त एक युजरनेम आणि पासवर्ड मिळाला, तोही भाव बदलण्यापुरता.

२०२५ च्या मार्चअखेरीस, पहिली तोड दोन दिवसांवर असताना, त्याचा मला फोन. "ताई, साइट उघडंना गं. काहीतरी जाहिरातीच येत्यात."

त्या नावाची मुदत संपली होती. आठवणीचे सगळे मेल त्या मुलाच्या एका जुन्या ई-मेलवर गेले होते. मुलाला पुण्यात नोकरी लागली होती, नंबर बदलला होता. त्याच्या भावामार्फत तो सापडला तेव्हा मे उजाडला होता. मुलगा वाईट नव्हता हो! माफी मागत होता बिचारा. पण ज्या खात्यात डोमेन होतं त्याचा पासवर्ड तो विसरलेला आणि ओटीपी जायचा बंद पडलेल्या सिमवर. होस्टिंगही त्याच्याच खात्यात, दहा-बारा गिऱ्हाइकांचं एकत्र. त्याचेही पैसे भरलेले नव्हते. चारशे घरांची यादी, पत्ते, कुणाला किती लागतात, सगळं त्या डेटाबेसमध्ये होतं. होतं!

मी त्या शनिवारी गावी गेले. ओट्यावर आमची इंग्रजीमिश्रित खडाजंगी चालली होती, रजिस्ट्रार, रिसेलर, सर्व्हर. मामा शेजारी बसून शांतपणे ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "ते सगळं ऱ्हाऊं दे. त्या साइटचा उतारा कोणाच्या नावावर हाय?"

आम्ही दोघंही गप्प. कारण प्रश्न तेवढाच होता.

जमीन वेगळी, गाळा वेगळा

शहरात वाढलेल्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगते. सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा. नाव तुमचं असेल तर ती जमीन तुम्ही कसा, वाट्यानं द्या, नाहीतर पडीक ठेवा. वेबसाइटच्या दुनियेत हा मान डोमेनचा, म्हणजे तुमच्या नावाचा. होस्टिंग हा बाजारपेठेतला भाड्याचा गाळा. तिथे तुमचा माल ठेवलेला असतो, गिऱ्हाईक तिथे येतं, पण गाळा बदलता येतो. पाटी तुमची असेल तर ती उचलायची आणि दुसऱ्या गाळ्यावर लावायची, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

गंमत अशी की कंपन्या या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत विकतात. "वर्षभराच्या होस्टिंगवर डोमेन फ्री!" त्या फुकटापायी सातबारा आणि भाडेपावती एकाच माणसाच्या खिशात जाते. माझं मत विचाराल तर डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवावं. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च वाढतो, वाढू द्या. एकीशी भांडण झालं तरी दुसरी हातात राहते. ते जमत नसेल तर निदान नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या रोजच्या ई-मेलवर, तुमच्या चालू मोबाइलवर हवी. डिझायनरला लागेल तेवढाच प्रवेश द्या. नोकरी सोडल्यावर बंद होतो म्हणून ऑफिसचा ई-मेल तर चुकूनही देऊ नका.

फेरफाराचीही रीत आहे. डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचं तर एक गुप्त कोड लागतो, तो जुन्या कंपनीनं मागितल्यावर द्यायचा असतो. नवीन नोंदणी किंवा बदलीनंतर डॉट कॉमला साधारण ६० दिवस हलता येत नाही. आणि मुदत संपली की लगेच सगळं बुडत नाही. कंपनीप्रमाणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या भावात नूतनीकरण करता येतं. मग ३० दिवस दंड भरून सोडवून घ्यायचे, शेवटचे ५ दिवस कुणाच्याच हातात काही नसतं, आणि त्यानंतर नाव जगाला खुलं. आमचं नाव या दंडाच्या टप्प्यात असताना मुलगा सापडला होता. पण दंड भरायलाही त्याच खात्यात शिरावं लागतं, आणि खात्याची किल्ली त्या बंद सिमकडे. बसा आता!

कॉट बेसिस की वन आरके?

नवा संसार मांडायचा ठरला तेव्हा भावानं स्वतः चार्ट काढला. शेअर्ड, व्हीपीएस, क्लाउड, डेडिकेटेड... नुसती नावं ऐकूनच माणूस महागडं काहीतरी घेऊन मोकळा होतो. पुण्या-मुंबईत भाड्यानं राहिलेल्याला मात्र हे एका मिनिटात कळावं. शेअर्ड होस्टिंग म्हणजे कॉट बेसिस. एका खोलीत अनेक जण, नळ एक, गिझर एक. शेजारच्यानं सकाळी अर्धा तास आंघोळ केली की तुमचं पाणी गार. व्हीपीएस म्हणजे त्याच इमारतीत तुमचा वन आरके. भिंती तुमच्या, पाण्याचा कोटा ठरलेला, पण झाडलोटही तुम्हीच करायची. ती जमत नसेल तर पैसे देऊन "मॅनेज्ड" घ्यायचं. डेडिकेटेड म्हणजे बंगला. तुम्हाला-मला नको.

ट्रेक ग्रुप, पोर्टफोलिओ, फराळ, लिंबू या सगळ्याला सुरुवातीला कॉट बेसिस पुष्कळ झाला. फक्त त्या जाहिरातीतल्या "अनलिमिटेड" शब्दाला भुलू नका. अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलात "थाळी शेअर करू नये, पार्सल मिळणार नाही" अशी पाटी असते ना, तशी पाटी इथेही असते. फक्त ती वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात. जागा अनलिमिटेड, पण फाइल्स अमुक लाखांपर्यंतच. ट्रॅफिक अनलिमिटेड, पण प्रोसेसर आणि मेमरी मोजून. मर्यादा ओलांडली की साइट मंदावते, नाहीतर "५०८, रिसोर्स लिमिट" असं काहीतरी दाखवून चक्क हात वर करते. आणि ती कधी ओलांडली जाते? ज्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तुमची लिंक फिरते, त्याच दिवशी!

यातलं अर्धं दुखणं घरच्या घरी बरं होतं. भावाच्या जुन्या साइटवर बागेचे फोटो थेट मोबाइलमधून चढवलेले, एकेक चार एमबीचा. पाच फोटोंचं पान म्हणजे वीस एमबी. हजार माणसं आली की वीस जीबी डेटा गेला, आणि बघणाऱ्याला फोटो दिसेपर्यंत त्यानं कोपऱ्यावरून लिंबं आणलेली असतात. फोटो दीडशे केबीपर्यंत आणले की तेच पान एक एमबीच्या आत बसतं. त्यासाठी महागडा प्लॅन लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

पाटीवरचा भाव, बिलावरचा भाव

आता पैशाचं बोलू. समजा, जाहिरात म्हणते "फक्त ७९ रुपये महिना". छान! पण हा भाव तीन वर्षांचे एकदम भरलेत तरच. म्हणजे ३६ गुणिले ७९, २,८४४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ३,३५६. ठीक आहे, एका हॉटेलिंगचे पैसे. तीन वर्षांनी रिन्युअलचा भाव मात्र महिना २९९. आता ३६ महिन्यांचे १०,७६४ आणि जीएसटी धरून १२,७०२. जवळजवळ चौपट. यात बेकायदा काही नाही, सगळं लिहिलेलं असतं. पण कुठे, तर पैसे भरायच्या पानावर, करड्या रंगात.

मग कार्टमध्ये आधीच टिक केलेल्या गोष्टी. सिक्युरिटी पॅक, बॅकअप पॅक, एसएसएल. एसएसएल म्हणजे पत्त्याच्या आधीचं ते https आणि सुरक्षित जोडणी. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या डिसेंबरपासून तशी सर्टिफिकेटं सगळ्यांना फुकट देते आणि बहुतेक चांगल्या होस्टिंगमध्ये ती एका क्लिकवर बसतात. साध्या साइटच्या एसएसएलसाठी कुणी वेगळे हजार-दोन हजार मागत असेल तर तिथून हळूच काढता पाय घ्या. "मनी बॅक"चंही तसंच. होस्टिंगचे पैसे परत मिळतात, त्या "फ्री" डोमेनची किंमत सहसा कापून.

मग ते "९९.९ टक्के अपटाइम". ऐकायला भारी. महिन्याचा हिशेब केला तर ४३ मिनिटं बंद. चालेल की! ज्या भागात शेतीला दिवसाकाठी आठ तास वीज मिळते, तिथे ४३ मिनिटांचं कोण काय मनावर घेणार? पण ९९ टक्के लिहिलं असेल तर महिन्याला सात तासांवर. आणि वचन मोडलं तर मिळतं काय? बहुतेक ठिकाणी त्या महिन्याच्या भाड्यातली थोडी सूट. तुमची बुडालेली ऑर्डर नाही.

नाशिक, मुंबई की परदेश?

सर्व्हर कुठे आहे, हा प्रश्न निम्मे लोक विचारतच नाहीत. "क्लाउडमध्ये असतं ना?" असतं, पण तो ढगही कुठल्या तरी एमआयडीसीत टेकलेला असतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाची मागणी अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांहून जास्त लागतात. मुंबईला जाऊन यायला त्याच्या एका छोट्या तुकड्याइतका वेळ. एकदाच जायचं असतं तर फरक पडला नसता, पण एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं, ते तेव्हा ऑफिसात असलेल्या सीनिअरना विचारा. परदेशातल्या साइट रांगत होत्या.

तेव्हा पर्याय कमी होते. आता तसं नाही. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपला क्लाउड आणला. आपल्या नाशिकमध्ये ईएसडीएस २००५ पासून आणि माइल्सवेब २०१२ पासून याच धंद्यात आहेत. द्राक्षं, वाइन आणि सर्व्हर! मी कुणाची जाहिरात करत नाहीये. सांगायचं एवढंच की गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर माल भारतातल्या गाळ्यात ठेवा, आणि तो तिथेच आहे हे लेखी विचारून घ्या. कंपनी भारतीय असली म्हणजे सर्व्हरही भारतात असतोच असं नाही.

तुलना करतानाही जरा जपून. इंटरनेटवरच्या "टॉप टेन होस्टिंग" याद्यांमधल्या पुष्कळशा लिंक कमिशनच्या असतात. आणि दहा नावं म्हणजे दहा मालक नव्हेत. बिगरॉक ही मुंबईच्या डायरेक्टी ग्रुपची. २०१४ मध्ये डायरेक्टीचा हा होस्टिंगचा धंदा एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीनं घेतला, जिच्याकडे ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीपासून होत्या. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, यूटा राज्यातल्या प्रोव्होच्या एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट एकदमच आडव्या झाल्या. एकीला कंटाळून दुसरीकडे गेलेल्या माणसाचं काय झालं असेल, विचार करा. पाटी बदलली, मालक तोच.

काष्टीचा बैलबाजार फॉर्म्युला

काष्टीचा जनावरांचा बाजार आमच्या तालुक्यात प्रसिद्ध. तिथे कुणी बैलाची जाहिरात वाचून बैल घेत नाही. दात बघतात, चालवून बघतात, शेपटीला हात लावून बघतात, मग भावाचं बोलणं. मामाचा आग्रह की "तुमच्या त्या कंपनीला पण चालवून बघा."

चालवून बघणं सोपं आहे. पैसे भरायच्या आधी, रात्री साडेदहाला, त्यांच्या चॅटवर एक प्रश्न टाका. "रोजचा बॅकअप किती दिवस ठेवता आणि परत टाकून द्यायचे पैसे घेता का?" भावानं तीन ठिकाणी टाकला. एकीनं चार मिनिटांत नेमकं उत्तर दिलं. दुसरीनं "डिअर व्हॅल्यूड कस्टमर" करत प्राइस लिस्ट पाठवली. तिसरीचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, तेही दुसऱ्याच प्रश्नाचं. विकत घ्यायच्या आधी ही तऱ्हा, तर नंतर काय? निवड तिथेच झाली.

बॅकअपचा प्रश्न मी मुद्दाम निवडला होता. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या युरोपातल्या बड्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी त्याच पहाटे ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना सुरू करायला सांगितलं. ज्यांच्याकडे योजना होती ते काही तासांत दुसरीकडे उभे राहिले. "रस्ट" नावाच्या ऑनलाइन गेमच्या युरोपातल्या २५ सर्व्हरांवरचा डेटा मात्र कायमचा गेला. लोकांचं समजत होतं की बॅकअप म्हणजे होस्टिंगवाल्याचं काम. काहींचा बॅकअप होताही, फक्त तोही त्याच आवारात ठेवलेला.

म्हणून बॅकअप कंपनी घेते का, हा अर्धा प्रश्न. तो मला माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतो का, हा उरलेला. बहुतेक कंट्रोल पॅनेलमध्ये त्यासाठी एक बटण असतं. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्ही हवेत. नुसत्या फाइल्स म्हणजे रिकामी पेटी, लिंबं डेटाबेसमध्ये. आणि एकदा तरी तो बॅकअप उघडून बघा.

मग फुकटचं काय वाईट?

हे तुमच्या ओठावर आलंय, मला माहितेय. इन्स्टा आहे, व्हॉट्सॲप बिझनेस आहे, पैसे कशाला घालवायचे? खरं सांगू, प्रत्येकाला पैसे भरून होस्टिंग लागत नाही. एकपानी पोर्टफोलिओ असेल, ऑर्डर-बिर्डर नसेल, तर क्लाउडफ्लेअर किंवा गिटहबवर साधी पानं फुकट ठेवता येतात, आणि चांगली पळतात. अट एकच, वरचं डोमेन तुमच्या नावाचं हवं.

नाहीतर काय होतं? गुगलनं छोट्या दुकानांना मॅपवरच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट दिली होती, शेवटी "बिझनेस डॉट साइट" असलेली. गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी, केटरर्सनी ती व्हिजिटिंग कार्डावर छापली. मार्च २०२४ मध्ये गुगलनं ती सेवा बंद केली, आणि तीन महिन्यांनी जुन्या पत्त्यावरून पुढे पाठवणंही थांबवलं. त्याच्याही आधी याहूनं २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं होतं, तेव्हा लाखो लोकांची पहिलीवहिली होमपेजं गेली. फुकट गाळ्याचा मालक कधीही कुलूप लावू शकतो आणि तुम्ही भांडूही शकत नाही, कारण पावतीच नसते.

नव्या नावाची गोष्ट

शेवटी भावानं नवं नाव घेतलं, डॉट इन. स्पेलिंगवरून घरात दोन दिवस वाद. श्रीगोंदा की श्रीगोंदे? इंग्रजीत शेवटी ए की ई? सुरुवातीला एसएच की नुसता एस? स्टेशनच्या पाटीसारखं लिहावं असं ठरलं, मग लक्षात आलं की फोनवर सांगताना गिऱ्हाईक कसंही लिहिणार. म्हणून गावाचं नावच काढून टाकलं. मराठीत पत्ता घ्यायचा पर्यायही होता. २०१४ पासून डॉट भारत देवनागरीत मिळतं, मराठीसाठीही. दिसायला झकास! पण सोसायटीतल्या काकूंच्या फोनवर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही, आणि कुठे कुठे तो पत्ता उघडताना एक्सएन अशा अगम्य इंग्रजीत दिसतो. दुसरं डोमेन म्हणून जरूर घ्या, एकमेव म्हणून नको.

जुन्या नावाच्या दोन हजार पेट्या छापून पडलेल्या. त्या टाकवेनात. मग मामी आणि तोडीला येणाऱ्या बायकांनी ओट्यावर बसून जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याचं स्टिकर चिकटवलं, दोन हजार वेळा. चारशेपैकी दीडशेएक घरं फोनमधल्या नंबरांवरून परत जोडली गेली. बाकीच्यांनी तो उन्हाळा कुठली लिंबं खाल्ली, देव जाणे. बाजारात अडत्याला द्यावा लागला तो माल त्याच्या भावानं गेला.

नवी नोंदणी भावाच्या नावावर आहे, पर्यायी ई-मेल माझा. ऑटो-रिन्युअल चालू केलंय, पण त्यावर विसंबायचं नाही असं ठरलंय. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांना आधी तुमची रीतसर मंजुरी लागते. परदेशी कंपन्यांचे ऑटो-पेमेंट तर आपल्या कार्डांवर नेहमीच अडकतात, आणि "पेमेंट फेल्ड"चा मेल जाऊन पडतो प्रमोशन्सच्या फोल्डरमध्ये, सेलच्या जाहिरातींखाली.

म्हणून डोमेन एकदम पाच वर्षांचं घेतलं. तारीख कालनिर्णयवर लिहून ठेव म्हटलं तर मामी म्हणाली, "२०३० चं कालनिर्णय कुठून आणू?" मग ती गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतून लिहिली, ट्रॅक्टरच्या हप्त्याच्या आणि विम्याच्या तारखांखाली. त्याच कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत, एक पेन ड्राइव्ह आहे. दर महिन्याच्या एक तारखेला भाऊ तो काढतो, बॅकअप उतरवतो आणि परत पिशवीत ठेवतो.